वारुळावरची मोठी अळंबी आणि बारकी अळंबी : घर एकच, ओळखायची खूण मात्र वेगळी

सातारा/सांगली : मृगाचा पाऊस होऊन गेला, आर्द्रा लागल्या की पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळा या डोंगराकडच्या तालुक्यांत माणसांची नजर खाली जमिनीकडं वळते. सकाळी जनावरं घेऊन माळाला गेलेला माणूस परत येताना टॉवेलात नाहीतर सागाच्या पानात काहीतरी जपून गुंडाळून आणतो. काय आणलंय ते घरात कुणाला विचारावं लागत नाही. त्या दिवशी कांदा-लसूण मसाल्यात अळंबीचं कालवण असतं.

पण टॉवेलातली अळंबी दर वेळी एकच नसते. कधी हाताच्या पंजाएवढ्या, जाड दांड्याच्या चार-सहा छत्र्या असतात. कधी नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्यांचा ओंजळभर ढीग असतो, तांदूळ सांडल्यासारखा. दोन्ही वारुळाच्या आसपास सापडतात, दोन्ही खाल्ल्या जातात आणि बहुतेक गावांत दोन्हींना अळंबीच म्हणतात. नावं तशी मुलखागणिक बदलतात. विदर्भात टेकोडे आणि सात्या ही नावं ऐकू येतात. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून तिथं ती रोयण ओळमी. इथं सोयीसाठी एकीला मोठी अळंबी आणि दुसरीला बारकी अळंबी म्हणू.

शास्त्राच्या भाषेत दोघी एकाच कुळातल्या, टर्मिटोमायसिस कुळातल्या. टर्माइट म्हणजे वाळवी आणि मायसिस म्हणजे बुरशी, म्हणजे नावच 'वाळवीची बुरशी'. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये हे कुळ वेगळं करून मांडलं. बारकीचं नाव टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस, म्हणजे 'लहान फळाची'. तिची पहिली नोंद १८७१ मध्ये सिलोनमधून, आजच्या श्रीलंकेतून झाली. मोठ्या छत्रीच्या जाती अनेक आहेत. त्यातली भारतात सर्वाधिक नोंदवली जाणारी एक म्हणजे टर्मिटोमायसिस हायमी. मद्रासचे के. नटराजन यांनी १९७९ मध्ये तिचं वर्णन केलं आणि हाइम यांचंच नाव तिला दिलं. महाराष्ट्रातल्या छत्रीवर्गीय बुरशींवर पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, १९७० आणि १९८० च्या सुमारास बरंच काम झालं.

अळंबी काढणारी जुनी माणसं एक खूण सांगतात : मूळ बघ. मूळ वारुळात गेलं असेल तर घे, नाहीतर हात लावू नको. खूण खरी आहे, तिच्यामागं शास्त्रही आहे. पण ती लागू पडते फक्त मोठीला. बारकीला मूळच नसतं. म्हणून एकीची खूण दुसरीला लावली की गोंधळ होतो, आणि अळंबीच्या बाबतीत गोंधळ थेट दवाखान्यात नेतो.

वारूळ मुंग्यांचं नव्हे

ही खूण समजून घ्यायची तर आधी वारुळात शिरावं लागतं. मुंग्यांनी वारूळ बांधायचं आणि आयत्या बिळात नागोबानं राहायचं, असं आपण म्हणतो. त्यातलं नागोबाचं बरोबर आहे, मुंग्यांचं नाही. आपल्याकडचं मातीचं उभं वारूळ वाळवी बांधते. वाळवी ही मुंगी नव्हे. नात्यानं ती झुरळाला जास्त जवळची आहे.

वाळवीला वाळलेलं लाकूड, पालापाचोळा, काटक्या, शेण हे सगळं लागतं. पण ओडोंटोटर्मिस या आपल्याकडच्या वाळवीला ते नीट पचत नाही. मग ती काय करते, तर शेती. कामकरी वाळव्या बाहेरून चावून आणलेला काडीकचरा पोटातून अर्धवट काढतात आणि त्याच्या बारीक गोळ्या एकावर एक रचून वारुळाच्या पोटातल्या खोल्यांत एक सच्छिद्र पोळं तयार करतात. अक्रोडाच्या गरासारखं सुरकुतलेलं, भुरकट आणि हलकं. नांगरताना वारूळ फुटलं तर शेतकऱ्यांनी ते पाहिलेलं असतं. या पोळ्यावर बुरशी वाढते. ती लाकडातला कठीण भाग कुजवून मऊ करते, आणि टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे दाणे धरते. हे दाणे आणि जुनं झालेलं पोळं हेच वाळवीचं अन्न.

माणसानं शेती सुरू केली त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली. वाळवीची ही शेती आफ्रिकेत सुरू होऊन सुमारे तीन कोटी वर्षं झाली असावीत, असा अंदाज आहे. एका वारुळात बुरशीचं एकच वाण असतं, भेसळ नसते. खोलीत ऊब आणि दमटपणा सारखा राखला जातो. परकी बुरशी शिरली तर कामकरी ती काढून टाकतात. एखाद्या बागायतदारानं लाजावं अशी निगा.

अळंबी म्हणजे या बुरशीचा मोहोर. वर्षभर ती आत पांढऱ्या धाग्यांच्या रूपात असते. पावसाळ्यात पाणी मुरलं, वातावरण जुळलं की ती बाहेर छत्री काढते, बिजाणू सोडते आणि दोन-चार दिवसांत कुजून जाते. मोठी आणि बारकी यांच्यातला सगळा फरक इथं सुरू होतो : छत्री निघते कुठून?

मोठी : खोलीतून वर येणारी

मोठी अळंबी आतल्या पोळ्यावरच कोंब धरते. पोळं जमिनीखाली वीतभर असेल, कधी हातभर. तिथून उजेडापर्यंत यायचं म्हणजे कडक माती फोडावी लागते. म्हणून तिच्या छत्रीच्या मधोमध एक टणक उंचवटा असतो. माती भेदायला पहारीच्या टोकासारखा तो काम करतो. मागं दांडा लांबत जातो. जमिनीवर दिसणारा दांडा बोटभर ते वीतभर असला तरी खाली त्याचा निमुळता होत गेलेला भाग थेट पोळ्याला चिकटलेला असतो. त्यालाच लोक मूळ म्हणतात. ते खरं मूळ नव्हे, त्यातून ती काही शोषत नाही. ती पोळ्याशी जोडलेली नाळ आहे, असं म्हटलं तर जास्त जवळ जाईल.

हायमी जातीची छत्री पांढरी ते मलईच्या रंगाची, मध्यभागी करडी झाक असलेली असते. उमलली की सहज चार-पाच इंच भरते. दांडा पांढरा, भरीव आणि दोऱ्यासारख्या तंतूंचा. हातानं फाडला तर उभा फाटतो. दांड्यावर बहुधा जाडसर पांढरी बांगडी असते. छत्रीच्या खालचे पातळ पडदे आधी पांढरे असतात, मग बिजाणू पिकले की फिकट गुलाबी होतात. याच कुळातल्या दुसऱ्या काही जातींची छत्री तपकिरी आणि नाळ बाहेरून काळपट असते. त्यामुळं डोंगरात सापडलेली प्रत्येक मोठी अळंबी हायमीच असेल असं नाही.

ती एका वारुळावर थोडीच निघते. पण पुढच्या वर्षी त्याच सुमाराला त्याच वारुळावर पुन्हा निघण्याची शक्यता चांगली असते, कारण आत बाग तीच असते. जाणकार घरं आपली वारुळं इतरांना सांगत नाहीत, त्यामागचं गुपित हेच. आफ्रिकेतल्या झांबियात याच कुळातल्या एका जातीची छत्री मीटरभर रुंद होते. आपल्याकडची त्यामानानं लहानच म्हणायची.

बारकी : उंबऱ्याबाहेर पसरलेली

बारकीचं वेगळं आहे. पावसाळ्यात वाळवीचे कामकरी कधी कधी जुन्या पोळ्याचे बारीक कण आतून बाहेर आणतात आणि जमिनीवर किंवा मातीच्या अगदी वरच्या थरात पसरून टाकतात. घरातला केर उंबऱ्याबाहेर टाकावा तसं. त्या कणांत बुरशी जिवंत असते. पाऊस मिळाला की प्रत्येक कणातून एक-एक छत्री निघते. शेकड्यांनी निघतात, कधी हजारानं, आणि दोन-तीन हात जागा पांढरी होऊन जाते.

माती फोडायची नाही म्हणून मोठा टणक उंचवटा नको, लांब नाळही नको. छत्री फार तर इंचभर, बहुतेक वेळा अर्ध्या इंचाची. मध्ये करड्या-तपकिरी रंगाचं छोटं टोक असतं. उमलताना छत्रीची कड जागोजागी चिरते. दांडा काडीसारखा बारीक, दोन-तीन इंचांचा. उपटली की अलगद हातात येते आणि खाली कणभर भुरकट माती लागलेली असते. नीट पाहिलं तर ती माती नसून पोळ्याचा भुगा असतो.

बरं, ही वारुळावरच निघेल असंही नाही. वारुळापासून चार पावलांवर निघते. जिथं वर मातीचा उंचवटा दिसतच नाही, पण जमिनीखाली वाळवीची वस्ती आहे, तिथंही निघते. झाडाच्या बुडाशी, बांधावर, पडक्या गोठ्याच्या कडेला. म्हणून 'वारूळ दिसतंय का' हा प्रश्नही बारकीच्या बाबतीत पुरता कामाला येत नाही.

खूण कुठं चालते, कुठं फसते

मोठीच्या जागी फसवणारी छत्री ठरलेली आहे. गायरानात, शेणखताच्या जागी, बागेतल्या हिरवळीवर उन्हाळी वळवापासून निघणारी मोठी पांढरी छत्री, जिच्यावर तपकिरी खवले असतात. शास्त्रीय नाव क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस. उष्ण मुलखांत अळंबीच्या विषबाधेचं हे फार नेहमीचं कारण आहे. हिच्याही दांड्यावर बांगडी असते, हिचेही पडदे कोवळेपणी पांढरे असतात. म्हणून बांगडी बघून भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. फरक दोन ठिकाणी. पिकल्यावर हिचे पडदे हिरवट-करडे होतात, वारुळाच्या अळंबीचे गुलाबी. आणि दांड्याचं बूड थोडं फुगून मातीत संपतं, खाली नाळ जात नाही. म्हणजे इथं 'मूळ बघ' ही जुनी खूण काम करते.

अमानिता कुळातल्या विषारी छत्र्यांनाही ती लागू पडते. त्यांच्या दांड्याचं बूड मातीत असतं आणि त्याला बहुधा पांढऱ्या पिशवीचं किंवा वाटीचं वेष्टन असतं. पण वरून मोडून घेतलेल्या छत्रीत ना पिशवी दिसते ना नाळ. मोठी अळंबी वरच्या वर खुडून आणली आणि घरी येऊन ओळखायला बसलं, तर ओळखायची सगळ्यात मोठी खूण माळावरच राहिलेली असते. सरसकट सगळी वारुळावर खणून काढायचीही गरज नाही. घोळक्यातल्या एकीच्या बाजूची माती काडीनं हळूहळू मोकळी करत नाळ कुठवर जाते ते बघायचं. बाकीच्या जमिनीलगत कापायच्या. मात्र कापण्याआधी प्रत्येक छत्री त्याच घोळक्यातली आणि तशीच आहे ना, हे बघून घ्यावं लागतं. शेजारी दुसरंच काही उगवलेलं असू शकतं.

बारकीला यातलं काहीच लावता येत नाही. नाळ नाही. पिशवी नसते, पण तशी ती शेकडो लहान छत्र्यांना नसतेच. आणि पावसाळ्यात कुजक्या पाल्यावर, शेणावर, लाकडावर निघणाऱ्या बारीक छत्र्यांचे प्रकार मोजता येणार नाहीत इतके. त्यातल्या इनोसायबे कुळातल्या छत्र्या खास धोक्याच्या. या कुळातल्या जाती पश्चिम घाटात आढळतात. छत्री लहान, मध्ये टोक, कड चिरलेली. वर्णन पुन्हा वाचलं तर बारकीचंच वाटेल. फरक असा की इनोसायबेचा रंग सहसा तपकिरीकडं झुकतो, तिचे बिजाणू तपकिरी असतात आणि ती अशी दाट गालिच्यासारखी क्वचितच निघते.

म्हणून बारकी ओळखताना एक छत्री हातात घेऊन काही कळत नाही. सगळं एकत्र बघावं लागतं : छत्र्या दाट पसरलेल्या आहेत का, सगळ्या एकसारख्या आहेत का, बुडाशी पोळ्याचा भुगा आहे का, माती उकरली तर वाळवी दिसते का. चार-दोन सुट्या बारक्या छत्र्या दिसल्या तर त्या सोडून द्यायच्या, भले त्या खाण्याच्या असोत. शंभरातली एक चुकीची पातेल्यात गेली तर ती वेगळी काढता येत नाही.

बिजाणूंचा रंग पाहणं हा घरच्या घरी करता येण्यासारखा उपाय आहे. उमललेल्या छत्रीचा दांडा कापायचा, पडदे खाली करून ती अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. सकाळपर्यंत कागदावर भुकटीचा ठसा उमटतो. वारुळाच्या अळंबीचा, मोठी असो की बारकी, ठसा फिकट गुलाबी येतो. हिरवट, तपकिरी, काळा किंवा शुभ्र पांढरा आला तर ती वारुळाची नव्हे. पण उलट धरून चालत नाही. गुलाबी ठसा एंटोलोमा नावाच्या कुळाचाही येतो आणि त्यातल्या काही जाती विषारी आहेत. ठशानं नकार पक्का होतो, होकार होत नाही.

हा मजकूर वाचून कुणी पहिल्यांदाच अळंबी शोधायला निघू नये, हेही सांगायला हवं. ज्या घरांत ही ओळख आहे, ती एका वाचनातून आलेली नाही. लहानपणापासून दर पावसाळ्यात मोठ्यांच्या मागं माळावर हिंडून आलेली आहे.

चांदी काळी पडत नाही

गावोगाव आणखी काही परीक्षा सांगितल्या जातात. शिजताना चांदीचं नाणं टाकावं, काळं पडलं तर विषारी. लसूण काळा पडला तर विषारी. किडे किंवा गोगलगाय खातेय म्हणजे माणसाला चालते. उकळून पाणी फेकलं की विष जातं. यातली एकही परीक्षा खरी नाही. अमानितातलं जहाल विष शिजवून, वाळवून, फोडणी देऊन नाहीसं होत नाही, चांदीवर त्याचा काही परिणाम होत नाही आणि चवीलाही ते कळत नाही. गोगलगायीचं पोट वेगळं, माणसाचं वेगळं.

एका समजुतीची मात्र शास्त्रज्ञांनी गमतीनं का होईना दखल घेतली आहे. वीज कडाडली की अळंबी येते, असं आपल्याकडं म्हणतात. जपानमध्येही तेच म्हणतात. तिथल्या इवाते विद्यापीठात शिताके या अळंबीच्या ओंडक्यांना विजेचे क्षणिक झटके देऊन पाहिलं, तर उत्पादन वाढल्याचं दिसलं. वारुळातल्या अळंबीला ढगांचा गडगडाट ऐकू जातो का, हा वेगळा प्रश्न. आपल्याकडं गडगडाट आणि पाऊस बरोबरच येतात, त्यामुळं श्रेय कुणाला द्यायचं ते ठरवणं अवघडच.

खाल्ल्यावर किती वेळानं, हे महत्त्वाचं

विषबाधा झालीच तर पहिला प्रश्न असतो : खाऊन किती वेळ झाला? हिरव्या पडद्यांच्या छत्रीचा त्रास साधारण एक ते तीन तासांत सुरू होतो. जोराच्या उलट्या, जुलाब, पोटात कळा. अंगातलं पाणी गेल्यानं लहान मुलं आणि म्हातारी माणसं गळून जातात, पण वेळेत सलाइन लागलं तर बहुतेक जण बरे होतात. इनोसायबेचा त्रास त्याहून लवकर, कधी पंधरा-वीस मिनिटांत दिसतो. दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, नाडी मंद. द्राक्षावर नाहीतर उसावर औषध मारताना विषबाधा झालेला माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही लक्षणं ओळखीची वाटतील. त्यावरचं ॲट्रोपिन इंजेक्शन इथंही उपयोगी पडतं.

सगळ्यात वाईट ते उशिरा सुरू होणारं. अमानितातल्या जहाल जाती खाल्ल्या तर सहा तास, कधी बारा तासांहून जास्त काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं, माणूस घरी जातो म्हणतो. आतमध्ये यकृत निकामी होत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातल्या अळंब्या खाऊन १३ जणांचा जीव गेला. त्यात चहामळ्यांतली कुटुंबं होती, वर्षानुवर्षं अळंब्या खाणारी. म्हणून रात्री अळंबी खाऊन सकाळी उलट्या लागल्या असतील तर 'पोट बिघडलं' म्हणून घरी थांबणं घातक ठरतं. १०८ ला फोन करावा, त्याच भाजीतलं ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना बरोबर न्यावं, मग त्यांना त्रास होत असो वा नसो. आणि उरलेली भाजी, न शिजवलेली अळंबी, निवडताना काढलेली देठं जे मिळेल ते कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवावं. पॉलिथिनच्या पिशवीत अळंबी सडते आणि ओळखता येत नाही. मिठाचं पाणी पाजून जबरदस्तीनं ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नये.

खाण्याची अळंबीही काहींना बाधते. कच्ची, शिळी, किडलेली खाल्ली तर पोट बिघडतंच. मोठी अळंबी कळीत असताना काढलेली चांगली. छत्री पूर्ण उलटी झाली की तिच्यात अळ्या पडलेल्या असतात. बारकीचा त्रास निराळा : माती. दोन-चार पाण्यांतून धुतली तरी दाताखाली खडा येतोच. पण कालवणाला चव बारकीच जास्त देते, असं म्हणणारे घाटाकडं पुष्कळ भेटतात. मोठीची चव मटणासारखी म्हणून काही घरांत ती श्रावणात शिजतच नाही.

वारूळ राहिलं तर

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण, आटपाडी, जतला जेमतेम पाचशेच्या घरात. एवढ्या फरकातही वाळवी दोन्हीकडं आहे. त्यामुळं अळंबी ही फक्त घाटाची गोष्ट नाही. दुष्काळी पट्ट्यात पाऊस चांगला लागला तर बांधावर, ओढ्याकाठी तीही दिसते, फक्त हंगाम आखूड असतो.

बटण मशरूम शेडमध्ये निघतं, धिंगरी गव्हाच्या काडावर निघते. वारुळाची अळंबी मात्र वाळवीशिवाय व्यापारी पद्धतीनं पिकवणं अजून जमलेलं नाही. प्रयोगशाळेत धागे वाढतात, पण छत्री धरायचं नाव घेत नाहीत. त्यामुळं बाजारात जी येते ती रानातूनच, आणि भावही तसाच असतो.

छत्री काढल्यानं आतली बाग मरत नाही. आंबा तोडल्यानं झाड मरत नाही, तसंच ते. स्वित्झर्लंडमध्ये एका रानात २९ वर्षं केलेल्या पाहणीतही अळंब्या काढल्यानं पुढच्या वर्षीच्या कमी झाल्या नाहीत. माणसांच्या पायांखाली जमीन तुडवली गेली तिथं मात्र कमी निघाल्या. तिथल्या अळंब्या वाळवीच्या नव्हत्या, त्यामुळं हिशेब जसाच्या तसा इथं लावता येणार नाही. पण वारुळाचं इतकं नक्की आहे की पहार घालून ते फोडलं, पोळ्याची खोली उघडी पडली, तर नुकसान थेट बागेचं होतं. मोठीच्या मागं लागलेले उतावळे नेमकं हेच करतात. वारुळाच्या बिळात हात घालणं दुसऱ्या कारणानंही शहाणपणाचं नाही. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीचं एवढं माहात्म्य आहे, वारुळात कोण राहतं ते तिथं वेगळं सांगायला नको. आणि नागपंचमी येते ती नेमकी अळंबीच्या हंगामात.

उसाच्या पट्ट्यातला प्रश्न अवघड आहे. वाळवी उसाचं बेणं खाते, भुईमूग पोखरते. कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यानं प्लॉटमधल्या वारुळात औषध ओतलं तर त्याला दोष देता येत नाही. पण बांधावरचं, पडीक माळावरचं, देवराईतलं वारूळही जेसीबीनं सपाट होतं किंवा 'असू दे' म्हणून औषधानं भरलं जातं, तिथं पिकाचा काही संबंध नसतो. ज्या वारुळात औषध ओतलंय, ज्या बांधावर तणनाशक मारलंय, तिथली अळंबी खरी वारुळाची असली तरी खाण्याची नव्हे. महामार्गाच्या कडेची आणि कचऱ्याच्या ढिगाजवळचीही नव्हे. बुरशी जमिनीतलं बरंच काही शोषून घेते, त्यात शिशासारखे धातूही येतात.

कुठून काढायची, यालाही मर्यादा आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या डोंगराचा मोठा भाग त्यात येतो. त्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीही उचलणं, मग ती ओंजळभर बारकी अळंबी का असेना, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. हद्दीबाहेरच्या गावांत आपला बांध, आपला माळ आहे. तिथलं वारूळ कुणाच्या पिकात येत नसेल तर ते तसंच ठेवता येतं. आणि मोठी की बारकी, त्यात कुठलं वाण राहतंय, ते पुढच्या आर्द्रात कळतं.